चूलबंद आवतण आणि ताईंचा कॉम्प्युटर

"माझ्या लॅपटॉपवर तर चालते!" पारशिवनीच्या माती परीक्षण केंद्रात मी छाती काढून म्हणालो. प्रोग्रामरचं हे ब्रह्मवाक्य. एकदा उच्चारलं की माघारीची वाट बंद.

बाहेर ओट्यावर तीस-चाळीस शेतकरी खोळंबले होते. केंद्र चालवणाऱ्या शोभाताईंनी गावोगाव फिरून त्यांना शेतातली माती तपासायला आणायला लावली होती. आज रिपोर्ट हाती पडले नाहीत, तर पुढच्या हंगामात ताईंच्या शब्दावर कोणी चिमूटभर माती आणणार नव्हतं.

मशीन प्रत्येक नमुन्याची वेगळी फाइल बनवायचं. त्या सगळ्या वाचून रिपोर्ट छापायचं काम माझ्या पायथन प्रोग्रामचं. प्रोग्राम सुरू करताना त्याच्या नावापुढे फायलींची नावं लिहायची. या नावांनाच आर्ग्युमेंट म्हणतात. इतकी नावं कोण लिहिणार? म्हणून मी ताईंना नावांच्या जागी एक चांदणी (*) लिहून दिली होती. चांदणी म्हणजे 'सगळ्या'. मिहानच्या ऑफिसात माझ्या लॅपटॉपवर, म्हणजे लिनक्सवर, झकास चाललं. इथे ताईंच्या विंडोजवर मात्र, 'फाइल सापडली नाही.'

मी कमांड पुन्हा टाइप केली. मग सावकाश केली. मग पुटपुटत केली.

"मंत्र बदला जी भाऊ," ताई म्हणाल्या. "तुमच्या पेटीले कळते, माह्या पेटीले काहून नाही कळत?"

शेवटी प्रोग्रामच्या हाती काय पडतं, तेच दोन्ही पडद्यांवर छापून पाहिलं. माझ्याकडे सगळ्या फायलींची नावं, ओळीने. ताईंकडे नुसती चांदणी! लिनक्समध्ये कमांड घेणारा शेल स्वतःच चांदणी उलगडतो. विंडोजवाला ती जशीच्या तशी आत सरकवतो. माझा प्रोग्राम बिचारा चांदणी नावाची फाइल शोधत बसला होता.

"अजी, हे तर चूलबंद आवतण!" ताई म्हणाल्या. "घरची चूल बंद, अख्ख्या घराले जेवाले बोलावलं. तुमचा माणूस घरात जाऊन एकेकाले नावानं हाक मारते. आमचा दारातूनच चिठ्ठी देते अन् पळते. मंग कोण कोण यायचं, ते घरच्यायनंच पाहावं ना!"

इतकं नेमकं मला कोणत्याच सिनियरने समजावलं नव्हतं. मी घरच्यांना कामाला लावलं. चांदणी दिसली तर ती प्रोग्रामनेच उलगडावी, अशा तीन ओळी घातल्या. प्रिंटर खाकरला आणि सुरू झाला. ताई गठ्ठा घेऊन ओट्यावर गेल्या, एकेकाला नावाने हाक मारत.

तेव्हापासून 'झालं' म्हणण्याआधी मी ग्राहकाच्या खुर्चीत बसून पाहतो. माझ्या लॅपटॉपवर चालतं हे खरंच असतं. पण माझा लॅपटॉप कोणी मागितलेला नसतो.