भाड्याच्या मशीनमधलं ग्रंथालय

आमच्या प्राचार्यांना कॉम्प्युटरबद्दल दोनच गोष्टी ठाऊक होत्या. एक, तो थंड खोलीत ठेवतात. दोन, तो शेजारच्या जिल्ह्यातल्या कॉलेजात आलेला आहे. एवढ्या भांडवलावर त्यांनी परभणीतल्या आमच्या कॉलेजचं अख्खं ग्रंथालय कॉम्प्युटरवर चढवायचा हुकूम सोडला आणि जिम्मा टाकला माझ्यावर. मी ग्रंथालयात हंगामी होते. जूनमध्ये ऑर्डर, एप्रिलमध्ये घरी, परत जूनमध्ये हात जोडून उभी. हंगामी बाईला कुठलंही काम सांगता येतं.

मी पिंगळीहून पॅसेंजरनं यायची. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. कधी बंद, कधी मोर्चा, कधी गाडीच नाही. घरी आत्याबाई, म्हणजे माझी सासू, या सगळ्याला बेजार झाली होती. तिनं एके दिवशी चुलीपुढूनच फैसला सुनावला, "ह्या होळीपर्यंत कायम झालीस तर झालीस. न्हाईतर बास झालं. घरी शेतात मानूस मिळंना, आन तू तिकडं दुसऱ्याची पुस्तकं झटकायलीस." माझा नवरा भाकरी खात होता, तो खातच राहिला. त्याचं मत त्यात आलं.

मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, संक्रांतीनंतर तपासणीला वरून समिती येतेय. त्यांना कॉम्प्युटरवर ग्रंथालय दाखवा. तुमची कायम ऑर्डर मी स्वतः काढतो." माणूस खुर्चीतून उठून, छातीवर हात ठेवून बोलला. मी विश्वास ठेवला. न ठेवून करते काय?

आता कॉलेजला स्वतःचं मशीन घेणं परवडणारं नव्हतं. स्टेशन रोडला एका गृहस्थानं कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट काढली होती. त्याच्याकडे एक मोठं मशीन होतं, काचेच्या खोलीत, आणि त्यातून वायरी काढून बाहेर चार-पाच पडदे मांडलेले. एका पडद्यावर जिनिंगवाल्याचा कापसाचा हिशेब, एकावर पतसंस्था, एकावर आता आम्ही. मशीन एकच, पण प्रत्येकाला त्यात वेगळी जागा आणि वेगळा परवलीचा शब्द. मालक सांगायचा, "मॅडम, वाड्यातली खोली भाड्यानं घेतल्यासारखं समजा. तुमच्या खोलीत तुम्ही राजे. दुसरा डोकावणार नाही." राजे कसले! किल्ली त्याच्याकडे, वीज त्याच्याकडे, आणि तो जेवायला गेला की आमचं राज्य कुलपात.

पुस्तकांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम औरंगाबादच्या एका कंपनीकडून यायचा होता. प्राचार्यांनी उद्घाटन दसऱ्याला ठरवलं. पत्रिका छापल्या, संस्थेच्या अध्यक्षांना बोलावलं, मंडपवाल्याला सांगितलं. आणि दसऱ्याला कंपनीचा इंजिनिअर आलाच नाही. तो उगवला दिवाळी उलटून गेल्यावर, बॅग लटकावत, जणू काही झालंच नाही. प्रोग्रॅम बसवता बसवता त्यानं माझ्यासमोर प्राचार्यांना स्पष्ट सांगितलं, "सर, सध्या हा तीन महिने फुकट वापरून बघा. सुरू केल्याच्या दिवसापासून मशीन स्वतः मोजतं. मुदत संपली की कुलूप पडतं. मग कंपनीला कळवा, आम्ही नंबर देऊ, तो घातला की उघडतं."

प्राचार्यांचं लक्ष होतं कुठे? ते हातातल्या पत्रिकेकडे बघत होते. "यात आजची तारीख दिसेल का?" त्यांनी विचारलं. इंजिनिअर म्हणाला, दिसणारच. "मग ती दसऱ्याची करा. पत्रिकेवर दसरा छापलाय. मुहूर्त गेला म्हणून काम गेलं का?"

मी तिथेच म्हटलं, "सर, तारीख परत सरळ केली की मुदत दसऱ्यापासून मोजली जाईल. महिना फुकट जाईल आपला."

"बाई, साडेतीन मुहूर्तांतला एक आहे तो," ते म्हणाले. इंजिनिअरला गाडी गाठायची होती, इन्स्टिट्यूटच्या मालकाला गिऱ्हाईक राखायचं होतं. मशीनचं घड्याळ महिनाभर मागं नेलं. नारळ फोडला, पाणी पडद्याखाली जाऊ नये म्हणून मीच पदर लावला, आणि सगळ्यांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली. हो, आपट्याची पानं! शिपायाला मुद्दाम पिटाळून आणवली होती. इतकी शिकलेली माणसं दिवाळीनंतर काचेच्या खोलीपुढं उभी राहून एकमेकांना सोनं घ्या, सोनं घ्या म्हणताना मी या डोळ्यांनी बघितली आहेत.

पण वाड्यात खोल्या कितीही असोत, घड्याळ एकच होतं. ही गोष्ट कुणाच्या टाळक्यातच आली नव्हती. दुसऱ्या दिवशी जिनिंगवाला पावत्यांचा गठ्ठा घेऊन इन्स्टिट्यूटमध्ये घुसला. ऐन कापसाचा हंगाम, आणि त्याच्या काल दुपारपासूनच्या झाडून सगळ्या पावत्यांवर दसरा! शेतकरी दारात भांडायला उभे. "कुन्या येड्यानं केलं हे?" तो ओरडला. मालकानं माझ्याकडे बोट दाखवलं, "कॉलेजवाल्यांनी." त्या गड्यानं मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. घड्याळ ताबडतोब जागेवर आणलं. पण प्रोग्रॅमच्या पोटात सुरुवातीची तारीख दसऱ्याचीच राहिली, ती काही हलली नाही.

मग मी कामाला बसले. प्रत्येक पुस्तक कपाटातून काढायचं, नाव, लेखक, प्रकाशक, विषय, कपाट हे कार्डावर उतरवायचं, कार्डं पिशवीत भरून स्टेशन रोडला जायचं आणि पडद्यावर टाइप करायचं. मराठी पुस्तकंसुद्धा इंग्रजी अक्षरांत, कारण त्या मशीनला मराठी येत नव्हतं. वीज गेली की त्या दिवसाचं काम पाण्यात. ग्रंथपाल साहेब निवृत्तीला टेकलेले, ते दुपारी येऊन विचारायचे, "झालं का?" आणि चहा पिऊन जायचे. प्राचार्य तर पाहुणा आला की त्याला घेऊन यायचे. "हे आमचं संगणकीकरण," म्हणायचे आणि माझ्या डोक्यावरून पडद्याकडे बोट दाखवायचे. पाहुणा मान डोलवायचा. मी मधल्या खांबासारखी बसलेली.

खोटं कशाला बोलू, काम मला लय आवडायला लागलं होतं. एखाद्या पोरानं स्टेशन रोडला येऊन विषय सांगावा आणि मी दोन कळा दाबून, अमक्या कपाटात बघ म्हणावं, याचा रुबाब वेगळाच होता. कायम झाले की पिंगळीच्या प्लॅटफॉर्मवर ताठ चालायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पण मार्गशीर्ष लागल्यापासून मी दिवस मोजायला लागले. दर सोमवारी मी प्राचार्यांना आठवण करायची, "सर, कुलूप संक्रांतीच्या आसपास पडेल. कंपनीकडून नंबर मागवा." ते म्हणायचे, "अहो, दिवाळीनंतर बसवलंय ना आपण? मग संक्रांतीनंतरही महिनाभर आहे." म्हणजे समारंभाला दसरा आणि मोजायला दिवाळी! असल्या माणसापुढं कुणी कप्पाळ फोडून घ्यावं?

संक्रांत झाली आणि समिती आली. तिघे जण होते. आधी हुरड्याचा बेत झाला, मग शाल-श्रीफळ झालं, मग गाड्या करून सगळे स्टेशन रोडला आले. मी सकाळीच पडदा लावून बघितला होता. कुलूप पडलेलं. मुदत संपली, कंपनीशी संपर्क साधा, एवढीच इंग्रजी ओळ. मी प्राचार्यांना दारातच गाठून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि हसतमुखानं समितीला आत घेऊन आले.

समितीच्या अध्यक्षांनी चष्मा सारखा करत ती ओळ वाचली. "हे काय?"

"या आमच्या बाई हंगामी आहेत," प्राचार्य म्हणाले, आवाज लोण्यासारखा. "प्रशिक्षित नाहीत. काहीतरी दाबलं असेल त्यांनी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी काही दाबलं नाही, सर. दसऱ्याला हा प्रोग्रॅम आपल्याकडं नव्हताच. पत्रिकेसाठी तुम्ही घड्याळ मागं करायला लावलंत, म्हणून मुदत आधी संपली. मी सांगत होते दर सोमवारी." अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते प्राचार्यांना म्हणाले, "मुहूर्तावर सुरू केलंत, चांगलं केलंत," आणि गाडीकडे निघाले.

अहवाल आला. कॉलेजचं कौतुक, आणि खाली शिफारस, की संगणकासाठी प्रशिक्षित माणूस नेमावा. पद मंजूर झालं, कायम. नेमला इन्स्टिट्यूटच्या मालकाचा मेहुणा, त्याच इन्स्टिट्यूटचं प्रमाणपत्र घेतलेला. कंपनीचा नंबरही आठवड्यात आला, मागितल्याबरोबर. मला एप्रिलचीही वाट बघू दिली नाही. होळीला मी घरी होते, पुरण वाटत. आत्याबाईनं आणखी डाळ माझ्यापुढं सरकवली. मला वाटलं, मनात म्हणत असेल, बरं झालं.

पाडव्याच्या सुमारास कॉलेजचा शिपाई सायकल दामटत पिंगळीला आला. घामानं भिजलेला. "मॅडम, प्रिन्सिपल साहेबांनी बलिवलंय. त्या नव्या सरांला त्यातलं काईच सापडंना. चार दिवस येऊन शिकवून जा म्हनले."

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई पुढं झाली. "पानी पी," ती त्याला म्हणाली. त्यानं तांब्या रिकामा केल्यावर म्हणाली, "आता जा. साहेबाला सांग, आमची सून हंगामी कामाला येत न्हाई. कायमचा कागद घेऊन या, मंग बोलू." तो बिचारा आला तसा सायकल वळवून गेला.

माझा विश्वासच बसेना. तिनं दार लोटलं, माझ्याजवळ येऊन बसली आणि गव्हातले खडे वेचायला घेतले. मग हलकेच विचारलं, "काय गं, त्या डब्यात समदी पुस्तकं तूच घातलीस ना?"

"हो."

"कुनी लिवलं, कुनी छापलं, समदं?"

"समदं."

"मंग त्यात तुजं नाव कुठं हाय?"

मी सूप ओढून घेतलं आणि तिच्याबरोबर खडे वेचायला लागले. माझं नाव त्यात कुठंच नव्हतं.