तरंगतंय तेच रक्त

परळच्या आमच्या लॅबमधल्या सीनियर ताई चिंचपोकळीहून चालत येतात आणि आल्या आल्या इनक्युबेटर उघडून विचारतात, "काय गं पोरींनो, झोप झाली का?" पोरी म्हणजे पेशी! पण त्यांच्यासमोर हसायची आमची टाप नाही.

स्टेम सेल्सपासून आम्ही रक्तपेशी वाढवतो. दोन आठवडे रोज त्यांचं ते गुलाबी खाद्य बदलायचं. आज मी जुनं खाद्य काढलं आणि सवयीने ब्लीचमध्ये ओतायला लागले, कारण एरवी वर तरंगतात त्या पेशी मेलेल्या असतात ना! ताईंनी माझं मनगटच धरलं. "अगं वेडे, ह्यात तरंगतंय तेच रक्त आहे! तयार झालेल्या रक्तपेशी तळ सोडून वर येतात."

अर्ध्या पेशी गेल्या होत्या. मला रडूच फुटलं. ताईंनी उरलेल्यातला एक थेंब मायक्रोस्कोपखाली धरला. एकेक पेशी मोजली. मग म्हणाल्या, "ह्या जगतील. सरांना मी सांगते, माझ्या हातून झालं."

आत्ता लॅबप्रमुख सरांच्या केबिनच्या काचेतून दिसतंय, ताई त्यांच्यासमोर उभ्याच आहेत, हात मागे बांधून.

मी आत जातेय.