पाडव्याला दिलेली सुपारी

भाऊ आणि वहिनी एका अपघातात गेले तेव्हा त्यांची एकुलती पोरगी नऊ वर्षांची होती. पालीजवळचं रान, विहीर, घर सांभाळायला बीडच्या कोर्टानं मला नेमलं, पोरगी अठराची होईपर्यंत. गावातले बाप्ये हसले, “बाई काय शेती बघणार?” म्हटलं, बघाच! नऊ वर्षं बघितली. भावकीशी भांडले, लाईनमनशी भांडले, पण बांध एक वीत सरकू दिला नाही.

यंदा माघात भाची अठराची झाली. मी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी सवयीनं मोटर चालू करायला गेले. मग पाडवा आला. आमच्याकडं पाडव्याला शेताचं साल बदलतं. बटईनं, निम्म्या वाट्यावर कसणाऱ्याच्या हातावर त्या दिवशी सुपारी ठेवली, की वर्षाचा शब्द दिला. आमचा म्हातारा बटईदार ऊसतोडीहून नुकताच परतला होता. तो दारात आला, मी नेहमीसारखी सगळ्या रानाची सुपारी दिली.

भाची बीडला खोली करून क्लासला जाते. सणाला म्हणून सांजच्या एसटीनं आली आणि हे ऐकून तिचं तोंडच उतरलं. विहिरीजवळच्या तुकड्यात तिला तुती लावायची होती, रेशमाचे किडे पाळायचे होते. वहीत सगळं लिहून आणलं होतं.

“आत्या, मला इचारलं कावून न्हाई?”

“नऊ वर्षं कुणाला इचारत होते मी?” मी खेकसले. आणि बोलता बोलताच आठवलं, आता ती अठराची झालीय.

दुसऱ्या आठवड्यात दोघी बीडला वकिलाकडं गेलो. ते म्हणाले, “बाई, पोरगी अठराची झाली त्याच दिवशी तुमचा अधिकार संपला. जबाबदारी संपली न्हाई.”

“हे कसलं हो? लगाम काढून घेतला अन् ओझं तसंच?”

ते हसले. मग समजावून सांगितलं. ताब्यात देईपर्यंत आहे ते जपायचं, झाडं वाळू द्यायची नाहीत, पण नवा करार करायचा नाही. एकेका वस्तूची यादी करून पोरीच्या हवाली करायची, सही घ्यायची, कोर्टाला कळवायचं.

“मग सुपारीचं काय?”

“तो शब्द तुमचा. पोरीच्या रानाला त्याचं बंधन न्हाई.”

लई लाज वाटली. जे रान साऱ्या भावकीपासून राखलं, ते मीच तिला न विचारता देऊन बसले होते. कुंपणानंच शेत खाल्लं की! परतीच्या एसटीत म्हटलं, “चुकलं माझं.” हे शब्द आयुष्यात मी फार वापरलेले नाहीत.

ती म्हणाली, “पण बटईदार काकाला बी फसवायचं न्हाई. तुझ्या शब्दावर त्यांनी दुसऱ्याचं रान सोडलंय.”

दोन दिवस बसून यादी केली. मोटर, पाईप, पाने-पकडी, विळे, मोसंबीची झाडं मोजून. मग म्हाताऱ्याला बोलावलं आणि झालेली चूक सांगितली. त्यानं धोतराच्या सोग्याची गाठ सोडून माझी सुपारी मला परत दिली. भाचीनं आपल्या हातानं दुसरी पुढं केली.

“काका, विहिरीजवळचा तुकडा मी ठेवते. बाकी रान तुमी करा. हा शब्द माझा हाय.”

म्हाताऱ्यानं सुपारी घेतली आणि सवयीनं माझ्याकडं वळला. “बाई, चालंल न्हवं?”

नऊ वर्षं हाच प्रश्न ऐकत आले होते. ‘चालंल’ अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

“मला कावून इचारता? मालकीण समोर उभी हाय.”

तो तिच्याकडं वळला. पोरगी लाजली नाही, घाबरली नाही. “चालंल, काका,” म्हणाली. अगदी भावाच्या ढंगात. माझे डोळे भरून आले. पदरानं पुसत मोटरीच्या खोलीची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

“आत्या, उद्या माझा क्लास हाय. झाडांना पानी सोडशील का?”

“सोडते की. पण आधी यादीवर इथं सही कर.”