सफरचंदांची झोप

माझ्या धाकट्या बहिणीची, सुमाची, हिमाचलात सफरचंदाची बाग आहे. मी गेले त्या हिवाळ्यात बर्फ पडेना, आणि तिला घास गोड लागेना. एका सकाळी तिनं मला गदागदा हलवलं. "ताई, ऊठ. बर्फ पडलाय."

खिडकीबाहेरची उघडीबोडकी झाडं पांढरीशुभ्र झाली होती. मी म्हटलं, "गारठतील गं ती."

"गारठू देत. थंडीत पोटभर झोपली, तरच बहरतील."

माया म्हणजे पांघरूण घालणं, एवढंच मला ठाऊक होतं. इथली माया थंडीची वाट बघत होती.

वाकलेल्या फांद्या मोडू नयेत म्हणून सुमा काठीनं बर्फ झाडायला धावली. मीही धावले. पहिल्याच फांदीनं सगळा बर्फ माझ्या डोक्यावर ओतला, आणि सुमा हसत हसत खालीच बसली.