भोंगा आणि तळहात

दुष्काळानं ऊस वाळला, आमच्या भागातला सहकारी साखर कारखाना दोन हंगाम बंद राहिला, आणि त्याच्याच सभागृहात माझ्या मुलीसारख्या पोरांची शाळा भरू लागली. माझी मुलगी सात वर्षांची, स्वमग्न. बोलत नव्हती. ‘देवाचं लेकरू हाय’ म्हणून गावानं विषय मिटवला होता, आणि त्या शब्दांनी माझं डोकं फिरायचं.

शिकवायला विद्यापीठाच्या एक मॅडम दर आठवड्याला यायच्या. पोरांना शिकवायच्या, आम्हा आयांना आणि अंगणवाडीच्या बायकांनाही. जागा दाखवताना चेअरमन म्हणाले होते, “मॅडम, इतकी शांतता तुमाला उभ्या तालुक्यात सापडायची न्हाई.” खरंच होतं ते.

मॅडमनी पोरांना एक खूण शिकवली. सहन होईना की तळहात पुढे करायचा, म्हणजे ‘थांबा’. बाकीची शिकली. माझी ढिम्म. मी रोज तिचा हात धरून पुढे करायची, ती हिसकून घ्यायची. एवढी एक खूण आली असती तर तिला काय नको ते मला कळलं असतं. दुसरं काही मी मागतच नव्हते.

मग एकदाचा पाऊस झाला, शिवारात पुन्हा ऊस उभा राहिला. कारखाना चालू व्हावा म्हणून ज्यांनी देव पाण्यात ठेवले होते, ते सगळे मोळी टाकायच्या कार्यक्रमाला जमले. चेअरमननी मॅडमना आणि आम्हा मायलेकींना मानानं पुढे बसवलं. उसाची पहिली मोळी यंत्राच्या गव्हाणीत पडली आणि भोंगा वाजला.

भोंगा! तो कुणाच्याच ध्यानात नव्हता. मॅडमच्या नाही, चेअरमनच्या नाही, आणि लहानपणापासून त्याच्यावर उठणाऱ्या माझ्याही नाही. लोक टाळ्या वाजवत होते, म्हातारे डोळे पुसत होते, आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. मी बाहेर धावले.

बाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग होती. ती एका गाडीखाली, चाकाला पाठ लावून, कान दाबून बसली होती. पुढे बैल जुंपलेले. त्यांनी एक पाऊल टाकलं असतं तर? “आवो बाई, हळू! बैल बुजतील,” गाडीवान कासरा ओढून धरत म्हणाला. मी कुठली ऐकतेय. वाकून तिला हाका मारतच राहिले.

तिनं एका कानावरचा हात काढला. लांब केला, आणि तळहात माझ्या तोंडासमोर धरला.

मी हादरले. भोंगा केव्हाच थांबला होता. ओरडत होते ती मीच.