गावं जवळ आणणारा माणूस

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की वाशिम जिल्ह्यातली गावं एकमेकांच्या जवळ आणण्याचं जे काम आजवर कुणालाच जमलं नव्हतं, ते माझ्या साडूने शेलूबाजारात खुर्चीवर बसून केलं.

पुण्यात वर्षानुवर्षं कॉम्प्युटरपुढे वाकून परतलेला हा माणूस. 'जवळच', 'थोडं पुढं' असल्या शब्दांना घरात बंदी. मेहुणीने "मीठ तिकडं हाय" म्हटलं, की हा विचारणार, "तिकडं म्हंजे किती मीटर?" इथल्या जीपवाल्यांसाठी त्याने रस्ता सांगणारं ॲप बनवलं. अंतर काढणारा भाग परदेशातला, आयता. त्याला बजावलं नाही, तर तो मैलांत मोजतो. एक शब्द लिहायचा होता. पण सूचना वाचणं साडूला कमीपणाचं वाटायचं. आलेल्या आकड्यापुढे त्याने आपल्या हाताने 'किलोमीटर' लिहून टाकलं.

"बापू, तुमच्या मोबाइलात रिठद लय जवळ आलं ना!" जीपवाले म्हणायचे.

"मशीन चुकत नाही. तुमची जीप रेंगाळते."

मग एका सकाळी कामरगावहून फोन आला. त्याची अक्का गेली. त्याच्या घरी दर राखीला जीप बदलत तीच यायची. हा तिच्याकडे पंधरा वर्षांत गेला नव्हता. आमच्याकडे सवाष्ण गेली, की माहेरची साडी भावाने तिच्या अंगावर पांघरायची, मगच तिला उचलतात. साडूने ॲप पाहिलं, आरामात साडी निवडली आणि मला सोबत घेऊन निघाला.

वाटेत अक्काच्या नवऱ्याचा, भाऊजींचा फोन. "कुठं हायेस? लोकं खोळंबले."

"बारा किलोमीटर, भाऊजी. आलोच."

तेवढ्यात रस्त्याकडेचा दगड आला : कामरगाव १९. साडूने दगड पाहिला, मोबाइल पाहिला आणि चष्मा काढला. "मैल," एवढंच म्हणाला. पुढचा फोन मीच घेतला. भाऊजी रडकुंडीला आले होते. "ऊन तापून राह्यलं, बाप्पा. अजून कितीक थांबवू तिले?"

थांबले बिचारे. अंगणात शिरलो तेव्हा लोकांनी सरकून त्याला वाट करून दिली. त्याने साडीची घडी मोडली, अक्काच्या अंगावर पांघरली, पायाकडचा काठ दोनदा सारखा केला. आणि सगळ्या भावकीसमोर एकदम मोठ्याने बोलून गेला,

"अक्का, मले वाटलं, तू जवळच हायेस!"