दारावरचा पुठ्ठा

तो पुठ्ठा माझ्या डोक्यातून निघाला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला शहाणी समजणार नाही.

कोरोनाच्या त्या दिवसांत मी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात नर्स होते. औषध देण्याआधी रुग्णाच्या मनगटावरच्या पट्ट्याचा बारकोड स्कॅन करायचा, मग औषधाचा, आणि दोन्ही जुळले की कॉम्प्युटरवर हिरवी खूण, अशी आमची पद्धत. पण कॉम्प्युटरची गाडी कोरोना वॉर्डाच्या दाराबाहेर आणि रुग्ण आत. आत गेलेली वस्तू बाहेर आणायची नाही, असा नियम होता. मग मी युक्ती काढली. प्रत्येकाच्या पट्ट्याची जादा प्रत छापून घेतली आणि खाटेच्या क्रमाने एका पुठ्ठ्यावर चिकटवून तो दारावर टांगला. सगळी औषधं बाहेरच स्कॅन करायची आणि ट्रे घेऊन आत जायचं. मैत्रिणींनी मला डोक्यावर घेतलं. मीही फुशारले.

एका सकाळी सात नंबरच्या खाटेचं इन्सुलिन स्कॅन केलं. हिरवी खूण आली. आत गेले, स्पिरिटचा बोळा घेतला, तर खाटेवरचे मामा म्हणाले, "मला साखर न्हाय ओ, बाई."

असं सगळेच म्हणायचे. "औषधांनी वाढते मामा," म्हणत मी दंड धरला.

"अवो, सकाळी बोटाला टोचलं ते ह्या पावण्यांच्या," त्यांनी शेजारच्या खाटेकडे हात केला. "मागनं आमी खाटा बदलल्या की. हितं खिडकीपाशी मोबाईलला रेंज येती. मला घरात बोलायचं हुतं, तर पावणं म्हणलं, या हिकडं."

मामा शिरोळकडचे ऊसवाले, शेजारचे उचगावचे. ओळख दोन दिवसांची. आपल्याकडे बसायला जागा द्यायला कुणी परवानगी मागतं का? गॉगलवर वाफ धरली होती. मामांच्या मनगटावरचा पट्टा अगदी नाकाशी नेऊन वाचला. नाव दुसरंच होतं. मामांनी सकाळपासून चहाचा घोटही घेतला नव्हता. त्यांच्या पोटात अन्न नाही, साखर मुळात वाढलेली नाही, आणि माझ्या हातात भरलेली सुई.

उचगावच्या पाहुण्यांना त्यांचं इन्सुलिन, पट्टा वाचून, दिलं. बाहेर येऊन मेट्रनना सगळं सांगितलं.

"दिलं नाहीस ना? मग झाली चर्चा. झाकली मूठ सव्वा लाखाची," त्या म्हणाल्या.

एरवी मी ऐकलं असतं. पण ती हिरवी खूण डोळ्यांपुढून हलेना. सुई मामांना टोचली असती तरी ती हिरवीच राहिली असती. उद्या ते दगावले असते, तर कॉम्प्युटरनं शपथेवर सांगितलं असतं की सिस्टरनं सगळं बरोबर केलं. मी अहवाल लिहिला. पुठ्ठा कुणी केला, तेही लिहिलं, आणि तो दारावरून काढला. आता प्रत्येक औषध आत पट्टा वाचून द्यायचं आणि बाहेर येऊन नोंदवायचं.

मैत्रिणी भडकल्या. "तुझं प्रायश्चित्त आम्ही का घ्यायचं?" एक म्हणाली. खरंच होतं तिचं. पीपीई किटच्या त्या पोशाखात पाणी प्यायची सोय नव्हती, त्यात हे वाढीव काम. म्हणून मी कॉम्प्युटर विभागातल्या साहेबांच्या मागे हात धुऊन लागले. मला एक बिनतारी स्कॅनर आणि एक टॅब कायमचा आत हवा होता. "सॅनिटायझरनं खराब होईल," ते म्हणाले. "होऊ दे. नवा घेता येतो," मी म्हटलं. मिळाला. पण सॅनिटायझरपासून वाचवायला स्कॅनरवर चढवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून कोड वाचेना, नुसता लखलखाट. चार तऱ्हेच्या पिशव्या झाल्या. शेवटी शाहूपुरीतल्या एका स्टेशनरीवाल्याला अर्धं शटर उघडायला लावून फायलींची पातळ कव्हरं आणली. ती चालली. वाफ धरलेल्या गॉगलमधून दिसेल एवढं मोठं नाव टॅबवर यायला आणखी आठवडा भांडावं लागलं. पट्ट्याची जादा प्रत छापायची सोय मी स्वतः सांगून बंद करवली. माझ्यासारखी हुशार पुन्हा निपजू नये म्हणून.

मामा बरे झाले. घरी जायच्या दिवशी त्यांना सांगितलं, "त्या दिवशी तुम्ही बोलला नसता, तर माझ्या हातून तुमचा जीव गेला असता."

ते म्हणाले, "खाट म्या बदलली न्हवं? माझीबी चूकच की."

"नाही मामा. खाट कुणीही बदलेल. बघून द्यायचं काम माझं."

"व्हय," ते म्हणाले. "मग आता बघतीस न्हवं?"

मला रडू फुटलं. त्या गॉगलच्या आत डोळे पुसता येत नाहीत. मी तशीच पुढच्या खाटेपाशी गेले आणि म्हटलं, "मनगट दाखवा."